हिवाळ्यातील ट्राउट : थंड पाण्याचा जमाखर्च

मासेमारी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कोकणचा किनारा, होड्या, जाळी आणि भल्या पहाटेचा मासळीबाजार उभा राहतो. हिमालयातील डोंगरी ओढ्यांवर मात्र मासेमारीची एक वेगळीच रीत शंभराहून अधिक वर्षे रुजलेली आहे. येथे जाळे नसते, होडी नसते आणि गळाला गांडूळही नसते. हातात एक लवचीक काठी, तिला जोडलेली वजनदार दोरी आणि दोरीच्या टोकाला पिसे व रेशीम गुंडाळून तयार केलेली, तांदळाच्या दाण्याएवढी कृत्रिम माशी, एवढ्याच सामग्रीवर ट्राउट नावाचा चपळ मासा पकडला जातो. या पद्धतीला फ्लाय फिशिंग असे म्हणतात.

उन्हाळ्यात कुलू-मनालीला किंवा काश्मीरला जाणाऱ्या पर्यटकांपैकी काहींनी हा खेळ लांबून पाहिला असेल. थंडीच्या दिवसांत मात्र त्याचे स्वरूप पालटते. पाणी गोठणबिंदूच्या जवळ आलेले असते, मासा सुस्तावलेला असतो, कीटक विरळ झालेले असतात आणि चार महिने तर मासेमारीस कायद्यानेच मनाई असते. असे असूनही ट्राउट समजून घ्यायचा असेल तर थंडीचाच अभ्यास करावा लागतो. या माशाचे खाणे, वाढणे आणि प्रजनन या सर्वांचा हिशेब पाण्याच्या तापमानाशी बांधलेला आहे. हा हिशेब ज्याला उमगला त्याला मासा केव्हा आणि कोठे मिळेल हे कळते. ओढ्याला हात न लावता त्याला केव्हा स्वस्थ सोडावे, हेही त्याच हिशेबातून कळते. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा परिचय करून घेऊ.

ट्राउटचे भारतात आगमन

ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नव्हे. ब्राउन ट्राउट हा युरोपातला, तर रेनबो ट्राउट हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला आणि रशियाच्या कामचाटका प्रदेशातला. ब्रिटिश राजवटीत डोंगराळ भागात नेमणूक झालेल्या अधिकाऱ्यांना मायदेशातील या खेळाची ओढ होती. त्यातून ट्राउटची अंडी भारतात आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. १८६३ मध्ये डॉ. फ्रान्सिस डे यांनी निलगिरी पर्वतात केलेला प्रयत्न अयशस्वी ठरला. उष्ण समुद्रातून होणारा दीर्घ प्रवास ही त्यातील मोठीच अडचण होती.

काश्मीरमध्येही पहिले पाऊल अडखळले. १८९९ मध्ये इंग्लंडहून निघालेली अंडी जिवंत राहिली नाहीत. १९०० मध्ये स्कॉटलंडहून पाठविलेली दुसरी खेप मात्र सुखरूप पोहोचली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणारे फ्रँक मिचेल यांनी त्या पिलांचे संगोपन केले. पुढे हारवन येथे ट्राउटचे उबवणी केंद्र उभे राहिले. निलगिरीत अव्हलांच येथील केंद्र १९०७ मध्ये सुरू झाले. १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात कटराईंजवळ महिली येथे हॉवेल या अधिकाऱ्याने काश्मीरहून आणलेली अंडी उबवली आणि त्यांतील पिले बियास व तिच्या उपनद्यांत सोडली.

आज काश्मीरमधील लिद्दर व सिंध, हिमाचल प्रदेशातील तीर्थन, सैंज, ऊहल, पब्बर आणि बस्पा या नद्या ट्राउटसाठी प्रसिद्ध आहेत. यांपैकी तीर्थन नदी या लेखात वारंवार येईल. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या उंच भागात ती उगम पावते आणि गुशैणी व बंजारच्या परिसरातून वाहत लारजी येथे बियासला मिळते. या राष्ट्रीय उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

थंड पाणीच का?

आपल्या सह्याद्रीतही ओढे आहेत, धबधबे आहेत. मग तेथे ट्राउट का नाही? उत्तर पाण्याच्या तापमानात आहे. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. समुद्रसपाटीला ० अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. १० अंशांना हे प्रमाण सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१ मिलिग्रॅम आणि ३० अंशांना अवघे ७.६ मिलिग्रॅम इतके उतरते. पाणी तापत जाते तशी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो, अशी दुहेरी ओढाताण होते. ट्राउट हा प्राणवायूची मोठी गरज असणारा मासा असल्यामुळे पाणी २० अंशांच्या वर गेले की तो त्रस्त होतो आणि २५ अंशांच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. फेब्रुवारीपासूनच कोमट होणारे आणि पुढे डबक्यांपुरते उरणारे आपल्याकडील ओढे त्याला मानवत नाहीत, ते यामुळेच.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. ब्राउन ट्राउटची वाढ १३ अंशांच्या आसपास उत्तम होते. तापमान ४ अंशांच्या खाली गेले की त्याचे खाणे जवळजवळ थांबते. मार्चच्या सुरुवातीला हिमालयातील ओढ्यात सकाळी हात घातला तर बोटे बधिर होतात. अशा पाण्यात मासा जिवंत असतो, निरोगी असतो, परंतु त्याचा सर्व कारभार काटकसरीने चाललेला असतो.

काटकसरीचे गणित

मासा हा शीतरक्त प्राणी आहे. त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर चढते-उतरते. सर्वसाधारण नियम असा की, तापमान १० अंशांनी उतरले की शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग सुमारे निम्म्यावर येतो. हृदयाचे ठोके मंदावतात, पचन मंदावते. उन्हाळ्यात काही तासांत पचणारे अन्न हिवाळ्यात दीर्घकाळ पोटात राहते. साहजिकच भूकही कमी लागते.

या अवस्थेत ट्राउटपुढे रोजचा प्रश्न असा असतो : एखादा कीटक पकडण्यासाठी खर्च होणारी शक्ती त्या कीटकातून मिळणाऱ्या शक्तीपेक्षा कमी आहे का? वेगवान धारेत उभे राहायचे तर सतत शेपटी हलवावी लागते. एका लहानशा अळीसाठी दोन हात अंतर पोहून जायचे आणि पुन्हा जागेवर यायचे, हा तोट्याचा व्यवहार ठरतो. म्हणून थंडीत ट्राउट खळाळ सोडून डोहात उतरतो. तळाशी गोट्यांच्या घर्षणामुळे प्रवाह मंद असतो. मोठ्या दगडाच्या आडोशाला तर पाणी जवळपास स्थिर असते. मासा तेथे पडून राहतो आणि तोंडासमोरून वाहत येईल तेवढेच टिपतो. डाव्या-उजव्या बाजूला फार तर वीतभर सरकतो.

उन्हाळ्यातील मासा हात सैल सोडणाऱ्या ग्राहकासारखा असतो, तर थंडीतला मासा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या गृहिणीसारखा. त्याला वस्तू दारात, योग्य वेळी आणि नेमकी हवी तीच लागते. थंडीतील फ्लाय फिशिंगचे सारे तंत्र या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

ओढ्यातील शिधा

ट्राउटचे मुख्य अन्न म्हणजे पाण्यातील कीटक. त्यांतील चार गट महत्त्वाचे आहेत : मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस आणि मिज. हे कीटक आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली दगडांना चिकटून काढतात. कित्येक महिने, तर काही जाती दोन-तीन वर्षेही, तळाशी वाढत राहतात. पूर्ण वाढ झाली की पृष्ठभागावर येऊन त्यांना पंख फुटतात. प्रौढ मेफ्लायला खाण्याजोगे तोंडच नसते. काही तास किंवा एखाद-दोन दिवसांत समागम करून, अंडी घालून तिचे जीवन संपते.

ओढ्यातील एखादा दगड हळूच उलटून पाहिला तर हा सारा संसार दिसतो. तीन शेपट्यांच्या चपट्या मेफ्लायच्या अळ्या, दोन शेपट्यांच्या स्टोनफ्लायच्या अळ्या आणि वाळूच्या कणांचे घर पाठीवर वागविणारी कॅडिसची अळी, अशी ओळख पटविता येते. पाहून झाल्यावर दगड होता तसाच ठेवावा. स्टोनफ्लायच्या अळ्यांना स्वच्छ आणि प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. त्यामुळे त्यांचे असणे हा ओढा निरोगी असल्याचा पुरावाच मानला जातो.

थंडीत यांपैकी बरेच कीटक दिसेनासे होतात. मिज ही डासासारखी दिसणारी पण न चावणारी इवलीशी माशी मात्र ऐन थंडीतही बाहेर पडते. काही लहान स्टोनफ्लायही बर्फावर चालताना दिसतात. ढगाळ, दमट दुपारी मेफ्लायची एखादी लहान जात अचानक पृष्ठभागावर येते आणि अर्धा-पाऊण तास मासेही वर येऊन खाऊ लागतात. उरलेला सर्व वेळ माशाचे जेवण तळाशीच होते. म्हणूनच थंडीत पाण्यावर तरंगणाऱ्या माशीपेक्षा बुडणारी अळी अधिक उपयोगी पडते.

पिसांची माशी : एक जुनी कला

माशाला कीटकाचे सोंग दाखवून फसविण्याची कल्पना प्राचीन आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकाळातील ईलियन या रोमन लेखकाने मॅसेडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर व कोंबड्याची पिसे बांधून मासे पकडतात, असे वर्णन केले आहे. इंग्लंडमध्ये १४९६ मध्ये छापलेल्या एका प्रबंधात बारा प्रकारच्या कृत्रिम माश्या सांगितल्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी जी. ई. एम. स्क्यूज यांनी पाण्याखालील अळीचे रूप घेणाऱ्या माशीचा पुरस्कार केला. पुढे फ्रँक सॉयर या नदीरक्षकाने फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे पीस आणि तांब्याची तार एवढ्यातून एक अळी बनविली. तांब्याच्या वजनाने ती झटकन बुडते. आजही जगभर ती वापरली जाते.

साधनांतील मुख्य भेद लक्षात घ्यावा. नेहमीच्या गळात टोकाला वजन असते आणि ते दोरीला ओढत नेते. येथे माशीला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून वजन दोरीत ठेवलेले असते. काठी मागे-पुढे झुलवून त्या दोरीला वेग दिला जातो आणि दोरी उलगडत जाऊन माशीला अलगद पाण्यावर ठेवते. डोंगरी ओढ्यांसाठी आठ ते नऊ फूट लांबीची, चार किंवा पाच क्रमांकाची काठी सोयीची असते. दोरी आणि माशी यांच्यामध्ये सुमारे नऊ फुटांचा, टोकाकडे निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा असतो. त्याच्या टोकाची जाडी मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याइतकीच असते. गळाच्या आकाराचा क्रमांक उलटा चालतो. क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान. थंडीत सोळा ते बावीस क्रमांकांचे गळ वापरले जातात. बावीस क्रमांकाचा गळ बोटाच्या पेरावर ठेवला तर सहज हरवेल इतका बारीक असतो.

थंड पाण्यावरील रीत

हिमाचल प्रदेशात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारीस बंदी असते. काश्मीरमधील हंगाम साधारणपणे एप्रिल ते सप्टेंबर असा असतो. त्यामुळे हिमालयात थंडीतील फ्लाय फिशिंग म्हणजे प्रत्यक्षात हिमाचलमधील मार्च महिना, एप्रिलचा पूर्वार्ध आणि शरदातील ऑक्टोबर महिना होय. मत्स्य विभागाचा परवाना आवश्यक असतो. हंगाम, माशांची संख्या आणि आकार यांविषयीचे त्या वर्षाचे नियम परवाना घेतानाच विचारून घ्यावेत.

पहिली गोष्ट वेळेची. उन्हाळ्यात पहाट आणि संध्याकाळ चांगली, पण थंडीत हा नियम उलटा होतो. रात्रभर गारठलेले पाणी सूर्य वर आल्यावर हळूहळू एक-दोन अंशांनी चढते. माशाला तेवढीच ऊब पुरते. म्हणून सकाळी अकरा ते दुपारी तीन हा काळ उत्तम. खिशातील साधा तापमापक या कामी फार उपयोगी पडतो. पाणी ४ अंशांवर असेल तर चहा घेत थांबावे, ६-७ अंशांवर आले की सुरुवात करावी. मार्चअखेर एक अपवाद संभवतो. दुपारच्या उन्हाने वरचे बर्फ वितळून गढूळ, थंड पाणी खाली येऊ लागले तर तापमान चढण्याऐवजी उतरते. अशा दिवशी सकाळचा उत्तरार्ध साधावा.

दुसरी गोष्ट जागेची. डोहाचा मध्य, मोठ्या दगडामागचे संथ पाणी आणि वेगवान धार व संथ पाणी यांच्या मधली शिवण, या तीन जागा प्रथम पाहाव्यात. अन्न धारेतून वाहत येते आणि मासा शिवणीच्या संथ बाजूला उभा राहून ते टिपतो. ऊन पडणारा काठ सावलीतील काठापेक्षा बरा.

तिसरी गोष्ट खोलीची आणि वेगाची. अळीरूप माशी तळापासून वीतभर अंतरावर, प्रवाहाच्या वेगानेच वाहिली पाहिजे. दोरीचा ताण बसून ती किंचितही आडवी ओढली गेली तर मासा तिच्याकडे पाहत नाही. खरी अळी प्रवाहाला आडवी पोहत नाही, हे त्याच्या अनुभवाचे ज्ञान असते. यासाठी माशी वरच्या बाजूला टाकावी, तिला बुडण्यास वेळ द्यावा आणि पाण्यावरील दोरी काठीच्या टोकाने उचलून वरच्या अंगाला वळवीत राहावे. अधूनमधून माशी तळाला घासली गेली तर खोली बरोबर आहे असे समजावे.

चौथी गोष्ट संयमाची. मासा वीतभरच सरकत असल्याने डोहाचे मनातल्या मनात पट्टे पाडावेत आणि एका पट्ट्यात दहा-बारा वेळा माशी वाहू द्यावी. मगच हातभर पुढच्या पट्ट्याकडे वळावे. थंडीतील मासा आमिषावर झेप घेत नाही. तो तोंड उघडतो आणि मिटतो, इतकेच. दोरी क्षणभर थबकते किंवा तिच्यावरील रंगीत खूण किंचित बुडते. त्याच क्षणी काठी हलकेच उचलावी. दिवसभरात असे दोन-तीन क्षण लाभले तरी दिवस सार्थकी लागला, असे जाणकार मानतात.

मासा परत सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाकलेला असावा. हात पाण्यात भिजवूनच माशाला धरावे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. हवा गोठणबिंदूखाली असेल तर माशाला पाण्याबाहेर काढूच नये. त्याचे नाजूक कल्ले क्षणार्धात गारठतात. छायाचित्राचा मोह येथे आवरलेला बरा.

माणसाच्या जिवाचीही काळजी तितकीच महत्त्वाची आहे. पाच अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच काम करेनासे होतात. एकट्याने जाऊ नये, आधाराची काठी बाळगावी, गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरू नये आणि कोरडे कपडे सोबत ठेवावेत. धरणाखालच्या नदीपात्रात तर पाऊलच टाकू नये. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे थलौट येथे बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. शांत दिसणारी नदी काही मिनिटांत कशी बदलते, याचे हे दुःखद स्मरण प्रत्येकाने ठेवावे.

मुद्दल आणि व्याज

आता बंदीच्या चार महिन्यांकडे वळू. या काळात ओढ्यावर शांतता असते, परंतु वर्षातील सर्वांत महत्त्वाचे काम तेव्हाच चाललेले असते. शरद संपता संपता ब्राउन ट्राउटची मादी वरच्या, उथळ, खडीच्या पात्राकडे जाते. आडवी होऊन शेपटीच्या फटकाऱ्यांनी खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि नराने ती फलित केल्यावर वरच्या बाजूची खडी उकरून त्यांवर पसरते. एक किलो वजनाची मादी दीड ते दोन हजार अंडी घालते. आईबाप निघून जातात. पुढची राखण थंड पाण्याने करायची असते.

अंडी उबण्याचा काळ मोजण्याची एक सोपी रीत आहे. दररोजचे पाण्याचे सरासरी तापमान मिळवीत जायचे. ही बेरीज सुमारे ४४० झाली की पिले अंड्याबाहेर येतात. समजा, १५ नोव्हेंबरला अंडी घातली आणि पाण्याचे सरासरी तापमान ५ अंश राहिले, तर ४४० भागिले ५ म्हणजे ८८ दिवस लागतील. पिले ११ फेब्रुवारीच्या सुमारास बाहेर येतील. सरासरी ७ अंश राहिली तर हाच काळ ६३ दिवसांवर येईल आणि पिले जानेवारीच्या मध्यालाच बाहेर पडतील.

अंड्यातून बाहेर आलेले पिलू लगेच पोहू लागत नाही. पोटाला लागलेल्या बलकाच्या पिशवीवर ते आणखी काही आठवडे खडीच्या पोकळीतच राहते. म्हणजे फेब्रुवारीअखेर बंदी उठली तरी मार्चमध्ये खडीखाली जिवंत पिले असू शकतात. कायद्याने ओढा खुला झालेला असतो, ओढ्याने मात्र आपली कवाडे पूर्ण उघडलेली नसतात. एका बेसावध पावलाखाली अख्खे घरटे चिरडले जाऊ शकते. भोवतालच्या शेवाळी, काळपट तळात धुतल्यासारखा उजळ दिसणारा लांबट गोल खडीचा पट्टा दिसला तर ते घरटे समजावे आणि वळसा घालून जावे. शक्यतो काठावरूनच मासेमारी करावी.

गुंतवणुकीच्या भाषेत सांगायचे तर खडीतील अंडी ही मुद्दल आहे आणि हंगामात मिळणारा मासा हे व्याज. व्याज खर्चणाऱ्याची ठेव वर्षानुवर्षे टिकते, मुद्दलाला हात घालणाऱ्याची पासबुकातील शिल्लक लवकरच शून्यावर येते. खडीच्या पोकळ्यांतून स्वच्छ पाणी खेळते राहिले तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. रस्त्याचा राडारोडा नदीत लोटला, वाळू-खडी उपसली किंवा पात्रात गाळ बसला, तर एकही मासा न पकडता पुढच्या वर्षीचे सारे पीक नाहीसे होते. हिवाळे ऊबदार झाले तर पिले लवकर बाहेर येतील, पण त्यांना लागणारे बारीक कीटक तेव्हा पुरेसे असतीलच असे नाही. हा वेळेचा मेळ बिघडणे ही पर्वतीय नद्यांपुढील खरी चिंता आहे.

नाण्याची दुसरी बाजू

ट्राउटचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता येणार नाही. हा पाहुणा आहे आणि घरच्यांना तो जडही जातो. हिमालयातील नद्यांत असला हा देशी मासा पूर्वापार राहतो. इंग्रजीत त्याला स्नो ट्राउट म्हणत असले तरी तो कार्प कुळातला आहे. दगडांवरील शेवाळ हे त्याचे अन्न. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याची नोंद असुरक्षित जातींमध्ये केली आहे. ब्राउन आणि रेनबो या दोन्ही ट्राउटचा समावेश जगातील १०० सर्वांत उपद्रवी परकीय जातींच्या यादीत झालेला आहे, कारण नव्या पाण्यात ते देशी माशांची पिले खातात आणि त्यांची जागा बळकावतात. ज्या ओढ्यांत ट्राउट अजून पोहोचलेला नाही तेथे तो नव्याने सोडण्यापूर्वी दहादा विचार व्हावा, हे यातून स्पष्ट होते. उत्तराखंडातील भीमताल येथे १९८७ मध्ये शीतजल मत्स्य संशोधनाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तेथे देशी आणि परदेशी अशा दोन्ही माशांवर काम चालते.

असे असले तरी ट्राउटमुळे काही नद्या वाचल्याही आहेत. या शतकाच्या पहिल्या दशकात तीर्थन खोऱ्यात अनेक लहान जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित होते. स्थानिकांनी त्यांना विरोध केला, प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर तीर्थन नदी अशा प्रकल्पांपासून मुक्त ठेवण्याचा निर्णय झाला. नदीतील ट्राउट हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. नदी अखंड वाहती राहिल्याने असलासारख्या देशी माशांनाही तिचा लाभ होतो.

ओढ्याकाठची उपजीविका

तीर्थनच्या काठी घरगुती निवासव्यवस्था, वाटाडे, स्वयंपाकी, वाहनचालक अशा अनेकांचा चरितार्थ वाहत्या नदीवर चालतो. मार्च आणि ऑक्टोबर हे एरवी पर्यटनाचे मंद महिने. मासेमारीसाठी येणारा पाहुणा नेमका त्याच वेळी येतो आणि कित्येक दिवस मुक्काम करतो.

दुसरा मार्ग रेनबो ट्राउटच्या शेतीचा. कुलू खोऱ्यातील पतलीकुहल येथे नॉर्वेच्या सहकार्याने आधुनिक ट्राउट शेतीचा पाया घातला गेला. काश्मीरमध्ये कोकरनाग येथील केंद्र प्रसिद्ध आहे. लांबट सिमेंटच्या हौदांतून ओढ्याचे थंड पाणी अखंड खेळविले जाते आणि त्यात मासे वाढविले जातात. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यपालकांनाही देण्याची घोषणा झाली. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू झाली. त्यामुळे डोंगरी भागातील बँक शाखांकडे असे कर्जप्रस्ताव येऊ लागले आहेत.

अशा प्रस्तावाची छाननी करताना इमारतीइतकेच पाण्याकडे पाहावे लागते. मे-जूनमध्ये पाण्याचे कमाल तापमान किती होते? हिवाळ्यात प्रवाह किती उरतो? पाणी घेण्याची जागा पुराच्या रेषेपासून किती उंच आहे? विमा आहे का? जुलै २०२३ मधील बियासच्या महापुराने कुलू खोऱ्यात केलेली हानी पाहता शेवटचे दोन प्रश्न औपचारिक राहिलेले नाहीत. ट्राउट शेतीत खरे तारण थंड, स्वच्छ आणि बारमाही पाणी हेच असते. ते आटले किंवा तापले तर कागदावरील तारणाला फारसा अर्थ उरत नाही.

समारोप

फ्लाय फिशिंग हा बाहेरून आलेला खेळ, ट्राउट हा बाहेरून आलेला मासा. परंतु त्यांच्या निमित्ताने मिळणारी शिकवण सर्वत्र लागू पडते. थंडीतील ट्राउट मिळकतीपेक्षा अधिक खर्च करीत नाही. जाणकार मासेमार ओढ्याच्या मुद्दलाला हात लावीत नाही. आणि ओढा स्वतः, चार महिने निवांत राहून, पुढील आठ महिन्यांची तरतूद करून ठेवतो.

पुढील मार्चमध्ये कोणी वाचक तीर्थनच्या काठी उभा राहिला, तर त्याने प्रथम पाण्याचे तापमान पाहावे, मग दुर्बिणीने पाहिल्यासारखी तळाची खडी न्याहाळावी आणि त्यानंतरच काठी उचलावी. एखाद्या दिवशी मासा न मिळता परतावे लागले तरी हरकत नाही. खडीखालची पिले शाबूत राहिली, तर ती शिल्लक पुढच्या हंगामात त्याच्या किंवा त्याच्या मुलांच्या वाट्याला येईलच.